जेटीवर पडलेली सायकल आणि दीड लाखाचा हब

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पुण्यात राहतात, वय ४६, पाच वर्षांपासून सायकल चालवतायत. हायब्रिड सायकल, पुढे ३ चक्र्या मागे ८. गेल्या दिवाळीत दोन मित्रांबरोबर कोकण किनाऱ्याने गोव्याला निघाले. दाभोळच्या जेटीवर फेरीबोटीत चढताना गर्दीत सायकल उजव्या अंगावर पडली, उचलली, पुसली, पुढे गेले. दुसऱ्या दिवशी हेदवी सोडल्यावर एका चढाला सगळ्यात हलका गियर टाकला आणि मागचा डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारी, बाहेर लटकणारी यंत्रणा) चाकातच घुसला. हँगर तुटला, चार स्पोक गेले. तवसाळपर्यंत ढकलत, फेरीने जयगड, तिथून टेम्पोत घालून रत्नागिरी आणि मग घर. मित्र गोव्याला पोचले. आता येत्या डिसेंबरात पुणे ते कन्याकुमारी करायचंय आणि दोनेक वर्षांत मनाली-लेह. "ती लटकणारी वस्तूच आयुष्यात नको" म्हणून इंटर्नल गियर हब (सगळे गियर मागच्या चाकाच्या मधल्या बंद डब्यात) घ्यायचं पक्कं केलंय. जर्मनीतला मेहुणा रोहलॉफचा १४ गियरवाला हब आणून देतो म्हणतोय, चाक बांधून सगळं मिळून दीड लाखाच्या घरात जाईल. नाहीतर शिमानोचा ८ गियरचा, तो बराच स्वस्त पडेल. बायकोचं म्हणणं, एवढ्या पैशात आपण चौघं केरळला विमानाने जाऊन येऊ. प्रश्न दोन: कुठला घेऊ, आणि एकदा हब बसवला की कटकट कायमची संपेल ना?

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. हँगर, स्पोक, टेम्पोचं भाडं हे सगळं तुम्ही सविस्तर लिहिलंय, पण मला जे टोचलं ते मधलं एक छोटं वाक्य, "मित्र गोव्याला पोचले". म्हणजे दुखतंय ते तिथे. आणि दुखतं हो, मला कळतं, तवसाळच्या त्या रस्त्याला सामान लादलेली सायकल ढकलत नेणं आणि मित्रांचे पुढून येणारे फोटो बघणं. पण दुखावलेल्या माणसाने लगेच खरेदीला जाऊ नये असं माझं एक जुनं मत आहे, सायकलच्या बाबतीत तर फारच.

तर आधी त्या दिवशी नक्की मोडलं काय ते बघू. तुम्ही दोष डिरेलरला दिलाय. मला वाटतं डिरेलर बिचारा शेवटचा आरोपी आहे. तो ज्या छोट्या पट्टीला लटकतो तो हँगर, तो मुद्दामच मऊ अॅल्युमिनियमचा करतात, म्हणजे सायकल पडली तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. घरातल्या फ्यूजसारखं. फ्यूज उडाला म्हणून आपण घरातली वीज काढून टाकत नाही ना. तुमची सायकल उजव्या अंगावर, म्हणजे नेमकी डिरेलरच्या बाजूला पडली, हँगर आत वाकला, आणि तुम्ही दिवसभर तसेच चालवत राहिलात कारण मधल्या गियरांना फारसं काही जाणवत नाही. सगळ्यात मोठ्या चक्रीवर चेन गेली की डिरेलर स्पोकांच्या अगदी जवळ जातो, वाकलेला असला तर आतच. ते झालं हेदवीला, पण अपघात दाभोळचा होता. त्या जेटीवर मागे उभं राहून बघितलं असतं, की डिरेलरची दोन छोटी चाकं वरच्या चक्रीच्या रेषेत सरळ आहेत की आत झुकलीयत, तर दोन मिनिटात कळलं असतं. आणि तेवढं कळलं असतं तरी पुरे होतं, सगळ्यात हलका गियर न वापरता, तेवढे चढ चालत, रत्नागिरी गाठता आली असती.

हे तुम्हाला ओशाळं वाटावं म्हणून नाही लिहीत. माझ्याकडे दर महिन्याला या छापाची दोन-तीन पत्रं येतात आणि सगळ्यांचा समज एकच असतो, की जे दिसतं बाहेर ते मोडतं आणि जे डब्यात बंद ते मोडत नाही. बंद डब्यातलं सहसा मोडत नाही हे बरंचसं खरंही आहे. पण प्रवासात फक्त मोडणं हीच कटकट नसते.

आता हब म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, तुम्हाला माहीत असेल तर हा परिच्छेद सोडा. मागच्या चाकाच्या मधोमध जो जाड डबा असतो त्यात एक सूर्य-ग्रहमाला असते, मध्ये एक दातेरी चाक, त्याभोवती फिरणारी तीन-चार छोटी, आणि त्यांना बाहेरून वेढणारं आतून दाते असलेलं कडं. यातलं कुणाला धरून ठेवायचं, कुणाला फिरवायचं, यावरून चाक मागच्या चक्रीपेक्षा हळू किंवा जोरात फिरतं. कल्पना जुनी आहे, इंग्लंडात नॉटिंगहॅमला स्टर्मी-आर्चर १९०२ पासून याच धंद्यात होती, २००० साली ती तैवानला विकली गेली तोवर तिथेच. माझ्या मामांच्या रॅले सायकलला त्यांचाच तीन गियरचा हब होता, मधला गियर म्हणजे सरळ एकास एक, खालचा पाऊणपट, वरचा सव्वापटीहून थोडा जास्त. उतारावर पाय थांबवले की त्यातून टिक टिक टिक आवाज यायचा आणि आम्हाला तो घड्याळासारखा वाटायचा. त्याचीही एक खोड होती, केबल नीट ताणलेली नसेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये एक पोकळ जागा होती, तिथे अडकलं की पेडल एकदम मोकळं फिरायचं आणि उभं राहून मारत असलात तर तुम्ही थेट दांडीवर. मामांनी यावर काढलेला उपाय म्हणजे उभं राहून मारायचंच नाही. तर सांगायचं म्हणजे बंद डब्यालाही स्वभाव असतो.

आता आकडे. कंटाळा करू नका, तुमचा निम्मा निर्णय इथे आहे. टूरिंगला गियर किती आहेत हे विचारूच नका, सगळ्यात खालचा गियर किती खाली जातो ते विचारा. पेडलचा एक फेरा मारला की सायकल किती पुढे जाते, एवढं एकच मोजायचं. तुमच्या चाकाचा एक फेरा साधारण २.२ मीटर. समजा ८ टक्क्यांचा चढ आहे, तुम्ही, सायकल आणि सामान मिळून ११५ किलो, आणि वेग ताशी ६ किलोमीटर. यापेक्षा जास्त वेगाने सामान घेऊन दिवसभर चढणारी माणसं आहेत पण ती मला पत्र लिहीत नाहीत. ताशी ६ म्हणजे मिनिटाला १०० मीटर.

तुमची आत्ताची सायकल, पुढे सगळ्यात छोटं २८ दात्यांचं आणि मागे सगळ्यात मोठं ३४ चं असेल तर (बहुतेक हायब्रिडना असंच काहीसं असतं, तुम्ही मोजून बघा) एका फेऱ्यात १.८ मीटर, म्हणजे मिनिटाला ५५ फेरे. गुडघ्यांना जड, पण चालतं. शिमानोचा ८ चा हब, त्याचा पहिला गियर ०.५२७ पट. पुढच्या आणि मागच्या दात्यांचं प्रमाण दोनच्या आसपास ठेवा असं कंपनी सांगते कारण त्याहून कमी केलं की आतल्या दात्यांवर जोर वाढतो. तर ३८ ला १९ लावलं तर एका फेऱ्यात २.३ मीटर, मिनिटाला ४३ फेरे. म्हणजे आत्ताच्यापेक्षा जड! ज्या चढावर तुम्ही आज धापा टाकता तिथे तुम्ही उतरून चालाल. त्याच कंपनीचा ११ गियरचा आहे, त्याचा एकूण पल्ला (सगळ्यात वरचा गियर खालच्याच्या किती टक्के) मोठा आहे, ४०९ टक्के, पण खालचं टोक ८ वाल्याइतकंच, वाढलेलं सगळं वरच्या बाजूला. पाठीवर वारा घेऊन सपाटीवर पळणाऱ्याला ते हवं, ११५ किलो चढवणाऱ्याला नाही.

रोहलॉफ वेगळा प्राणी आहे हे मान्यच. १९९८ पासून विकला जातोय, पल्ला ५२६ टक्के, १४ गियरांमधल्या १३ च्या १३ पायऱ्या सारख्या, प्रत्येकी १३.६ टक्क्यांच्या. ३८ ला १६ लावलं तर पहिल्या गियरला १.४६ मीटर, मिनिटाला ६८ फेरे. याला म्हणतात चढाचा गियर. तुम्हाला शिमानो की रोहलॉफ एवढाच प्रश्न असेल तर कोकणासाठी आणि लेहसाठी उत्तर रोहलॉफ, विषय संपला.

पण विषय संपत नाही, कारण तिसरा पर्याय तुम्ही पत्रात लिहिलाच नाहीये. तुमच्या आत्ताच्या सायकलला पुढे ४२-३२-२२ दात्यांचा, डोंगरी सायकलला असतो तसला क्रँकसेट (पेडलचे दांडे आणि पुढच्या चक्र्या) बसवला तर २२ ला ३४, म्हणजे एका फेऱ्यात १.४२ मीटर, मिनिटाला ७० फेरे. दीड लाखाच्या हबपेक्षा एक केस हलकाच. काही हजारांत होतं काम. पुढचा डिरेलर थोडा खाली घ्यावा लागेल, कदाचित बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या अक्षाचं बेअरिंग) बदलावं लागेल, चेन एक-दोन कड्या कमी करावी लागेल, आणि उतारावर ताशी ४० च्या वर पेडल मारता येणार नाही, तर घाट उतरताना पेडल मारतं कोण.

तुम्ही म्हणाल अहो पण ती लटकणारी वस्तू तशीच राहिली. राहिली. मग आता बघू हब घेतल्यावर काय राहतं.

पंक्चर राहतं. पुणे-कन्याकुमारी किनाऱ्याने गेलात तर पंधराशेच्या वर किलोमीटर, त्यात डिरेलर चाकात जाण्याची वेळ किती आणि मागचं चाक पंक्चर होण्याची किती, तुम्हीच सांगा. डिरेलरवाल्या सायकलचं मागचं चाक एक खटका उघडला की हातात येतं. शिमानोसारख्या हबला १५ चा पाना लागतो, आधी केबल सोडवावी लागते, मग नट, मग अक्ष फिरू नये म्हणून लावलेले दोन रंगीत वॉशर, ते डावा-उजवा वेगळे असतात आणि उलटे लावले की गियर लागत नाहीत. मी हे शिकलो आंबा घाटाखाली, साखरप्याच्या अलीकडे, संध्याकाळी साडेसहाला. नवीन आठ गियरचा हब, घरी एकदाही चाक काढून बघितलं नव्हतं कारण "हबला काही करावं लागत नाही" असं मीच चार लोकांना सांगत फिरत होतो. ट्यूब बदलायला दहा मिनिटं लागली, केबलचं टोक परत त्या खाचेत बसवायला दोन तास. एक वॉशर गवतात गेला तो मोबाइलच्या उजेडात शोधला. एक भला माणूस रिक्षा थांबवून बघत उभा राहिला, पंक्चरवाला होता, पण त्यानेही हात लावला नाही, म्हणाला "हे आमच्याकडचं नाय". चूक सगळी माझी होती, हबची काहीही नव्हती. पण अंधार पडला तो पडलाच.

आणि त्या माणसाचं वाक्य महत्त्वाचं आहे बरं का. आपल्याकडे कुठल्याही तालुक्याच्या गावात चेन तोडणारा, जोडणारा, चाकाचा आऊट काढणारा माणूस सापडतो. डिरेलर पार मोडला तर तो काढून टाकायचा, चेन आखूड करायची, मधल्या एका चक्रीवर बसवायची आणि एकाच गियरवर पुढे जायचं, हे काम सायकलीला हात लावणारा कुणीही अर्ध्या तासात करतो. तुम्हीही करू शकला असता, चेन तोडायचं छोटं हत्यार आणि एक जोडकडी जवळ असती तर. चार स्पोक गेल्यामुळे चाक लटपटलं असतं, पण मागचा ब्रेक मोकळा सोडून जयगडपर्यंत बहुतेक गेला असता. हबचं उलट आहे. सहसा बिघडत नाही, पण बिघडला तर रस्त्यावर कुणी उघडू शकत नाही, पार्सल करून पाठवावा लागतो. स्पोकचं पण तसंच, हबचा घेर मोठा म्हणून स्पोक आखूड लागतात, गावातल्या दुकानात त्या मापाचे मिळत नाहीत, सहा-सात नेमक्या मापाचे बरोबर ठेवावे लागतात.

आणि एक गंमत सांगतो जी दुकानात कुणी सांगत नाही. हबला चेन ताणलेली लागते. त्यासाठी फ्रेमला मागे आडव्या खाचा हव्यात, म्हणजे चाक मागे सरकवून चेन ताणता येते, किंवा पेडलपाशी ताणायची खास सोय हवी. तुमच्या हायब्रिडला उभ्या खाचा असणार जवळपास नक्की. अशा फ्रेमला हब लावायचा म्हटलं तर चेन ताणायला एक स्प्रिंगचा टेन्शनर लावतात. तो कुठे लावतात? बरोब्बर, त्याच हँगरला, खाली लटकता. दीड लाख खर्चून तुमच्या सायकलच्या उजव्या बाजूला परत एक वस्तू लटकणार आणि जेटीवर पडली की वाकणार. निदान ती स्पोकांकडे सरकत नाही, तेवढं खरं. म्हणून हब घ्यायचा तर हबसाठी बनवलेली फ्रेम घ्या, फक्त हब नका घेऊ. तुमच्या दीड लाखात ती फ्रेम धरलेली नाही, मी हिशोब बघितला.

"कायमची" या शब्दाबद्दल पण बोलू. रोहलॉफचं तेल वर्षाला किंवा ५००० किलोमीटरला बदलायचं, जे आधी येईल ते. छोटीशी बाटली असते, पिचकारीने जुनं ओढून नवं घालायचं, घरी बसून होतं. थोडं तेल पाझरतं, घाबरायचं नाही. शिमानोच्या ११ ला पण तेल आहे, ८ ला आत ग्रीस, आणि वापर जास्त असेल तर साधारण तशाच अंतराने आतला भाग बाहेर काढून तेलात बुडवून ठेवायची सर्व्हिस करावी लागते, जी बहुतेक लोक करत नाहीत आणि मग "हब खराब निघाला" म्हणतात. शिमानोच्या केबलचा ताण जुळवायला एक सोपी खूण आहे, ८ वाल्याला चौथा गियर लावायचा आणि हबवरच्या दोन पिवळ्या रेघा एका ओळीत आणायच्या, झालं. नवीन केबल थोडी ताणते, म्हणून पहिले दोन-तीनशे किलोमीटर ही खूण बघत राहायची. हे न केल्याने गियर घसरतात आणि आतले दाते झिजतात. रोहलॉफला ही भानगड नाही कारण गियरच्या खाचा हबच्या आतच आहेत, केबल फक्त ओढायचं काम करते, आणि केबल बाहेरच्या बाजूच्या पेटीला जोडणाऱ्या प्रकारात ती तुटली तरी ८ च्या पान्याने हबवरच गियर बदलता येतो. मामांच्या तीन गियरवाल्याची केबल तुटली की तो सगळ्यात जड गियरमध्ये जाऊन बसायचा, आणि ती तुटायची नेमकी चढाला.

एवढं सगळं वाचून तुम्हाला वाटेल हा माणूस हबच्या विरोधात आहे. अहो माझ्या रोजच्या सायकलला हबच आहे! मी तो विकणार नाही. पण तो मी घेतला वेगळ्या कारणाने. मी पावसाळ्यात चालवतो. जून ते सप्टेंबर, तांबडी माती, वाळू, डांबराचं पाणी हे सगळं चेनवर बसतं, डिरेलरच्या चक्र्यांमध्ये पेस्ट होते आणि दर दोन दिवसांनी ब्रश घेऊन बसावं लागतं. हबला चेन एका सरळ रेषेत चालते, जाड चेन लावता येते, आणि मुख्य म्हणजे पूर्ण बंद चेनकव्हर लावता येतं, जुन्या काळ्या सायकलींना असायचं तसं. चेन कितीतरी जास्त टिकते. लोक म्हणतात हबमध्ये ताकद वाया जाते, जाते थोडी, चांगल्या स्वच्छ डिरेलरपेक्षा दोनेक टक्के धरा, पण जुलैमधली डिरेलरची चेन स्वच्छ कुणाची असते.

दुसरं सुख म्हणजे थांबल्या जागी गियर बदलतो. नळस्टॉपच्या सिग्नलला सातव्यात थांबलात, हिरवा व्हायच्या आधी मूठ फिरवली की दुसऱ्यात. कोकणात जेटीवरून बाहेर पडलं की लगेच भिंतीसारखा चढ येतो, जयगडला बघितलाच असेल, तिथे डिरेलरवाले जड गियरमध्ये अडकून कडकड आवाज करत असतात आणि आपण उभ्याउभ्या पहिला टाकून निघतो. ती मजा खरी आहे, खोटं कशाला बोलू.

चालवायची सवय मात्र बदलावी लागते. डिरेलरला गियर बदलताना पाय फिरत ठेवायचे, हबला उलट, अर्धा क्षण पाय सैल सोडायचा, गियर बसू द्यायचा, मग जोर. घाटात वळणाच्या आतल्या अंगाला चढ एकदम वाढतो, तिथे पोचायच्या आधीच एक गियर खाली यायचं, जोर लावत असताना ओढाताण करायची नाही. रोहलॉफला ७ आणि ८ च्या मध्ये आत दोन गोष्टी एकदम बदलतात, तिथे पाय सैल नसला तर क्षणभर १४ वा लागल्यासारखा झटका बसतो. १ ते ७ मध्ये घरघर आवाज येतो, सातव्यात सगळ्यात जास्त, पहिल्यांदा ऐकलं की वाटतं काहीतरी मोडतंय. काही मोडत नसतं. ११ वा सरळ एकास एक, तो सगळ्यात शांत. सपाटीवर तुमचा नेहमीचा वेग ११ व्याच्या आसपास पडावा अशा बेताने दाते निवडायचे, पण आधी खालचा गियर बघायचा आणि मग हे.

नेदरलँड्समधून एका ताईंनी मागे विचारलं होतं की इथे सगळ्यांच्या सायकलला शिमानोचे ७-८ चे हब आहेत, सुट्टीला येताना अशीच एक सायकल आणून पुण्याहून महाबळेश्वर करू का. त्यांना मी नको म्हटलं होतं आणि कारण गियर नव्हतं, ब्रेक होता. तिकडच्या बऱ्याच सायकलींना हबमध्येच रोलर ब्रेक किंवा उलटं पेडल मारून लागणारा ब्रेक असतो, सपाट देशात उत्तम, पावसात तर फारच छान. पण पसरणी घाटासारख्या लांब उतारावर तो तापतो आणि तापला की पकड जाते. घाटासाठी हब घेणाऱ्यांनी रिम ब्रेक किंवा डिस्क लागणाराच हब घ्यावा. यात अजून एक, रोहलॉफची डिस्क चार बोल्टची वेगळीच असते, ती कुठल्याही दुकानात मिळत नाही. जास्त दिवसांच्या दौऱ्याला मी म्हणून रिम ब्रेकच पसंत करतो, ब्रेकचं रबर कुठेही मिळतं. यावर बरेच लोक माझ्याशी भांडतात, भांडू देत. आणि पट्ट्यावर चालणाऱ्या सायकलींबद्दल दोघांनी विचारलंय, त्याला मागची फ्रेम उघडणारी लागते आणि पट्टा तुटला तर कुरियरची वाट बघत बसायचं, आपल्याकडे इतक्यात नको.

तर आता तुमचं. मी तुमच्या जागी असतो तर या डिसेंबरला हब घेतला नसता. आत्ताच्या सायकलला पुढे ४२-३२-२२, मागे नवीन चेन, एक जादा हँगर टेपने सीटखाली बांधून, चेनचं हत्यार, दोन जोडकड्या, चार स्पोक. हँगर काही शे रुपयांची वस्तू आहे, फक्त प्रत्येक मॉडेलचा आकार वेगळा म्हणून रस्त्यात मिळत नाही, घरून न्यावा लागतो. मग दोन रविवार घरच्या अंगणात किंवा पार्किंगमध्ये, स्वतःच्या हाताने हँगर बदला, डिरेलर काढून एका गियरवर चेन जोडा आणि सोसायटीला दोन चकरा मारा. वहिनींना बाजूला चहा घेऊन बसवा, त्या हसतील, हसू देत. हे एकदा हाताने केलंत की ती लटकणारी वस्तू तुम्हाला भुतासारखी वाटणार नाही. आणि फेरीत चढताना सायकल डाव्या अंगावर कलती धरा, सामान आधी उतरवून. दाभोळ, तवसाळ, आगरदांडा, सगळीकडे तोच घोळ असतो, बाइकवाले आणि टेम्पोवाले आधी घुसतात, तुम्ही शेवटी चढा, बोट तुम्हाला सोडून जात नाही.

कन्याकुमारी करून आलात की परत बसून विचार करा. तेव्हाही वाटलं की मला चेन पुसायचा, गियर जुळवायचा मनापासून कंटाळा आहे, मी बाराही महिने चालवणार आहे, पुढची दहा-पंधरा वर्षं हीच सायकल, तर मग रोहलॉफ घ्या, हबसाठी बनवलेल्या फ्रेमसकट घ्या, आणि लेहच्या आधी किमान एक पावसाळा त्यावर काढा. नवा हब पहिल्यांदा लेहच्या वाटेवरच्या बारालाचाला खिंडीत अजमावायचा नसतो, तिथे ४८०० मीटरच्या वर माणसाचाच गियर लागत नाही. तोवर मेहुण्याला सांगा घाई नाही. आणि वहिनींच्या केरळच्या हिशोबाबद्दल म्हणाल तर मला त्यात काही चूक दिसत नाही, उलट तुम्ही सायकलने खाली जा आणि त्यांनी मुलांना घेऊन विमानाने तिरुवनंतपुरमला यावं, कन्याकुमारी तिथून जवळच आहे. सायकल परतीला रेल्वेच्या पार्सलमधून पाठवा. पाठवताना मागचा डिरेलर मात्र हँगरवरून सोडवून कापडात गुंडाळून चेनस्टेला (चेनच्या बाजूने मागे जाणारी फ्रेमची नळी) बांधा, पार्सल ऑफिसात सायकल कुठल्या अंगावर आपटतात हे आपल्या हातात नसतं.

आणि हो, तो तुटलेला हँगर फेकला नसेल अशी आशा आहे. त्याचे दोन तुकडे जुळवून फोटो काढा, भोकांमधलं अंतर पट्टीने मोजून लिहा, त्यावरूनच नवीन जुळवून मागवता येतो. दोन मागवा.